केंद्राचा अर्थसंकल्प स्वतः कसा वाचायचा? मराठवाड्यातून पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी

दरवर्षी १ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांचं भाषण संपायच्या आतच दोन्ही बाजूंच्या प्रतिक्रिया तयार असतात. एकाला अर्थसंकल्प ऐतिहासिक वाटतो, दुसरा म्हणतो मराठवाड्याच्या तोंडाला पानं पुसली. संध्याकाळी टीव्हीवर काय स्वस्त आणि काय महाग याची यादी येते आणि विषय मिटतो. देशाने कर्ज किती काढलं, ते कशावर घातलं, मागच्या वर्षी जाहीर केलेला पैसा खरंच खर्च झाला का, हे कुणी विचारत नाही. आणि आपलं पाणी, रेल्वे, रेशन, पीकविमा सगळं नेमकं त्याच प्रश्नांवर अडून असतं.

परभणीतल्या एका वाचनालयात आम्ही काहीजण दर फेब्रुवारीत हे कागद घेऊन बसतो. स्पर्धा परीक्षेची मुलं, दोन-चार शेतकरी, निवृत्त शिक्षक. अर्थशास्त्र शिकलेलं त्यात कुणी नाही. बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारी येत असेल तर देशाचा अर्थसंकल्प वाचता येतो, हे मी खात्रीने सांगतो. आणि हा कागद आपल्याला परका वाटायचं कारणही नाही. १९८९ साली केंद्राचा अर्थसंकल्प मांडणारे शंकरराव चव्हाण पैठणला जन्मलेले, नांदेडचे नेते होते.

खालची बहुतेक उदाहरणं २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातली आहेत. रीत एकदा हाताला बसली की तुमच्यासमोर जे वर्ष असेल त्याचे आकडे तुम्हीच भरा.

आधी काय काय जमवायचं

- इंडियाबजेट डॉट गव्ह डॉट इन हे अर्थ मंत्रालयाचं संकेतस्थळ. सगळे कागद इथे फुकट मिळतात, इंग्रजी आणि हिंदीत. मराठीत नाहीत याचं वाईट वाटतं, पण हिंदी प्रतीवर काम निभतं.
- 'बजट का सार', इंग्रजीत बजेट ॲट अ ग्लान्स. मोजक्या पानांचा हा कागद सगळ्यात महत्त्वाचा.
- 'व्यय बजट'. मंत्रालयवार आणि योजनावार खर्च यात असतो.
- एक्स्पेंडिचर प्रोफाइल. योजनांचे एकत्र तक्ते, राज्यांना गेलेला पैसा, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठीच्या तरतुदींची वेगळी विवरणपत्रं यात मिळतात.
- राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याखाली मांडलेली निवेदनं. पुढच्या वर्षांचं तुटीचं आणि कर्जाचं उद्दिष्ट यात लिहिलेलं असतं.
- मागच्या दोन वर्षांचे हेच कागद. त्याच संकेतस्थळावर जुने अर्थसंकल्प ठेवलेले आहेत.
- एक वही आणि कॅल्क्युलेटर. एक्सेल येत असेल तर उत्तम, पण वहीत हाताने लिहिलेला तक्ता डोक्यात जास्त बसतो असा माझा अनुभव आहे.

मोबाइलवर पीडीएफ उघडून वाचायच्या भानगडीत पडू नका. लागणारी आठ-दहा पानं छापून घ्या.

१. आकड्यांशी आधी ओळख करून घ्या

जवळपास सगळे तक्ते कोटी रुपयांत असतात. 'बजट का सार'मध्ये एकूण खर्च ५०,६५,३४५ असा लिहिलेला दिसेल. म्हणजे पन्नास लाख पासष्ट हजार तीनशे पंचेचाळीस कोटी, बोलताना ५०.६५ लाख कोटी. पहिल्या दिवशी पाच-सहा आकडे मोठ्याने वाचून काढा, जीभ वळू द्या.

यापेक्षा महत्त्वाचे आहेत ते शेजारी शेजारी असलेले रकाने. प्रत्येक योजनेपुढे साधारण चार आकडे असतात. दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्षात झालेला खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येणाऱ्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. पहिला आकडा घडून गेलेला आहे. दुसरा वर्षाच्या सुरुवातीला दिलेला शब्द. तिसरा, वर्ष सरत आल्यावर त्या शब्दाचं काय झालं ते सांगणारा. चौथा नवा शब्द. टीव्हीवर आणि सभेत फक्त चौथा ऐकू येतो. सरकारचा खरा प्राधान्यक्रम दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याच्या मधल्या फरकात दिसतो. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हे रकाने विसरू नका.

२. भाषण शेवटी वाचा

भाषणात सरकारला जे सांगायचं असतं ते असतं, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण शंभर कोटींची नवी योजना भाषणात चार ओळी घेते आणि लाखभर कोटींची जुनी योजना कापली गेली तर तिचं नावही येत नाही. म्हणून आधी तक्ते, मग भाषण.

भाषण वाचताना एवढं बघा. जाहीर केलेली रक्कम एका वर्षाची आहे की पाच-सहा वर्षांची? ती सरकारच्या तिजोरीतून जाणार आहे की बँकांनी द्यायचं कर्ज आहे? शेतीकर्जाचं उद्दिष्ट म्हणून जो भलामोठा आकडा सांगितला जातो, तो बँकांनी वाटायच्या कर्जाचा असतो, अर्थसंकल्पातल्या खर्चाचा नसतो. आणि योजना खरंच नवी आहे की दोन जुन्या एकत्र करून नाव बदललंय? नाव बदललं असेल तर जुन्या दोन्हींची बेरीज करून मगच तुलना करा.

३. तुटीचं गणित स्वतः मांडा

'बजट का सार'च्या पहिल्याच तक्त्यात हे सगळं आहे. २०२५-२६ च्या अंदाजात कर्ज सोडून सरकारकडे येणारा पैसा ३४.९६ लाख कोटी, खर्च ५०.६५ लाख कोटी. मधली तफावत १५.६९ लाख कोटी, ती कर्ज काढून भरायची. हीच राजकोषीय तूट. त्या वर्षी देशाचं एकूण उत्पन्न म्हणजे जीडीपी सुमारे ३५७ लाख कोटी धरला होता. भागाकार करा, ४.४ टक्के येतात. बातमीत '४.४ टक्के तूट' म्हणतात ती ही.

याच पानावर महसुली तूट दिलेली असते, ५.२४ लाख कोटी. पगार, व्याज, अनुदानं, निवृत्तिवेतन असा चालू खर्च महसुली उत्पन्नातून भागत नाही, तेवढी ही रक्कम. तिला १५.६९ ने भागा. काढलेल्या कर्जाचा साधारण एक तृतीयांश भाग चालू खर्चात जातोय. शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. विहिरीसाठी काढलेलं कर्ज आणि घरखर्चासाठी काढलेलं कर्ज सातबाऱ्यावर सारखंच चढतं, पण फेडताना सारखं नसतं.

इथे एक चूक फार जण करतात, विशेषतः अर्थशास्त्राचं थोडंफार वाचलेले. भांडवली खर्च चांगला आणि महसुली खर्च वाईट, असं सरसकट म्हणून मोकळे होतात. शाळेची इमारत भांडवली खर्चात येते, शिक्षकाचा पगार महसुलीत. दवाखान्याची इमारत भांडवली, तिथली औषधं महसुली. शिक्षक नसलेली इमारत आपण पाहिलेली आहे. उलट बाजूने, केंद्राच्या ११.२१ लाख कोटींच्या भांडवली खर्चात राज्यांना पन्नास वर्षांसाठी दिलेलं १.५ लाख कोटींचं बिनव्याजी कर्जही धरलेलं आहे. ते पैसे केंद्र स्वतः रस्त्यावर किंवा रुळावर घालत नाही. म्हणून नुसत्या शीर्षकावर जाऊ नका, आत काय आहे ते बघा.

मग किती तूट चालेल? यासाठी कायदा आहे. राजकोषीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्प व्यवस्थापन कायदा २००३ साली झाला आणि जुलै २००४ पासून लागू झाला. तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांपर्यंत आणायचं त्याचं उद्दिष्ट. तेव्हापासून केंद्राची तूट फक्त २००७-०८ साली ३ टक्क्यांच्या खाली आली. त्यानंतर जागतिक मंदी आली, पुढे कोविड. २०२०-२१ मध्ये तूट ९.२ टक्क्यांवर गेली. २०२१ साली सरकारने सांगितलं, २०२५-२६ पर्यंत ती ४.५ टक्क्यांच्या खाली आणू. अंदाज ४.४ चा मांडला, म्हणजे कागदावर शब्द पाळला गेला, आणि हे श्रेय द्यायला हवं. आता पुढचा मापदंड बदललाय. मार्च २०३१ पर्यंत केंद्राचं कर्ज जीडीपीच्या ५० टक्क्यांच्या आसपास, एक टक्का कमी-जास्त, आणायचं ठरलंय. २०१८ च्या दुरुस्तीने कायद्यात घातलेली मर्यादा मात्र ४० टक्क्यांची होती, आणि ती २०२४-२५ पर्यंत गाठायची होती. त्याच दुरुस्तीने महसुली तुटीचं उद्दिष्टच कायद्यातून काढून टाकलं. माझ्या मते ही मोठी चूक झाली, कारण कर्ज कशासाठी काढलं हे विचारायची कायद्यातली जागाच गेली.

कायद्यात उद्दिष्ट ओलांडायची मुभा आहे, पण कारणं ठरलेली आहेत. युद्ध, राष्ट्रीय आपत्ती, विकासदराची मोठी घसरण आणि शेती कोलमडणं. हो, शेती कोलमडणं हे कारण कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. 'तुटीची मर्यादा आहे म्हणून दुष्काळात पैसे देता येत नाहीत' असं कुणी म्हणालं तर हे कलम दाखवा.

आणखी एक धागा. या कायद्याच्या अंमलबजावणीचा आराखडा २००४ साली ज्या कृतिदलाने केला त्याचे अध्यक्ष विजय केळकर. महाराष्ट्रातल्या विभागीय असमतोलावर २०१३ मध्ये अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. वित्तीय शिस्त आणि मागास भागाचा हक्क हे एकमेकांच्या विरोधातले विषय आहेत असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

४. व्याजाचा आकडा वेगळा काढा

२०२५-२६ मध्ये केंद्राने व्याजासाठी १२.७६ लाख कोटी ठेवले. त्याच वर्षी संरक्षण मंत्रालयाला निवृत्तिवेतनासह ६.८१ लाख कोटी होते, रेशनच्या अन्न अनुदानाला २.०३ लाख कोटी, खत अनुदानाला सुमारे १.६८ लाख कोटी, पीएम किसानला ६३,५०० कोटी. वहीत हे पाच आकडे एकाखाली एक लिहा आणि थोडा वेळ नुसते बघा. व्याज हे संरक्षणाच्या जवळपास दुप्पट आहे. केंद्राच्या महसुली जमेतले शंभरातले ३७ रुपये व्याजात जातात.

आता सापळा. 'रुपया कसा येतो, कसा जातो' असं एक गोल चित्र दरवर्षी सगळ्या वर्तमानपत्रांत छापून येतं. २०२५-२६ च्या चित्रात व्याजापुढे २० पैसे लिहिलेले होते. पण १२.७६ ला ५०.६५ ने भागलं तर २५ टक्के येतात. दोन्ही बरोबर आहेत. चित्रात राज्यांना जाणारा करांचा वाटाही रुपयात धरलेला असतो, एकूण खर्चाच्या आकड्यात तो नसतो. व्हॉट्सॲपवर याच फरकावरून 'सरकार आकडे लपवतंय' असे संदेश फिरतात. तुम्ही ते पुढे पाठवू नका, समजावून सांगा.

५. एक योजना निवडा आणि तिच्या मागे लागा

सगळा अर्थसंकल्प एका वर्षात कुणालाच कळत नाही. एक योजना घ्या. मराठवाड्यात राहणाऱ्याने पाण्यापासून सुरुवात करावी असं मी म्हणेन. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपल्या कुणाच्याच विस्मरणात गेलेलं नाही.

जलजीवन मिशन घेऊ. 'व्यय बजट' उघडा, जलशक्ती मंत्रालय शोधा, त्यातला पेयजल व स्वच्छता विभाग. २०२४-२५ साठी सुरुवातीला जाहीर झाले ७०,१६३ कोटी. त्याच वर्षाचा सुधारित अंदाज २२,६९४ कोटी. म्हणजे शंभर रुपये सांगितले आणि बत्तीस मिळायचा अंदाज निघाला. पुढच्या वर्षासाठी, २०२५-२६ ला, पुन्हा ६७,००० कोटी मांडले आणि मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवत असल्याचं भाषणात आलं.

आता याच आकड्यांतून तीन बातम्या तयार होतात. 'पाण्यासाठीची तरतूद तिप्पट', ही २२,६९४ आणि ६७,००० ची तुलना. 'पाण्याच्या तरतुदीत कपात', ही ७०,१६३ आणि ६७,००० ची. आणि तिसरी, जी फारशी छापून येत नाही: मागच्या वर्षी कबूल केलेल्यातले ४७ हजार कोटी गेलेच नाहीत. एकही बातमी खोटी नाही. पण गावात पाइप पुरण्यासाठी खोदलेली चारी उघडीच आहे, टाकीला रंग लागलाय आणि नळाच्या तोटीला अजून पाणी नाही, हे ज्याला रोज दिसतं त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या बातमीत आहे.

योजनेत पैसा का गेला नाही, हे पुढे शोधायचं. मंजुरी अडली, राज्याचा हिस्सा आला नाही, की आधीच्या हप्त्याचं खर्चाचं प्रमाणपत्र गेलं नाही? महाराष्ट्रासाठी या योजनेत केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा वाटा उचलतात, म्हणून एकाच बाजूचा कागद बघून दोष ठरवू नका. बऱ्याच केंद्र पुरस्कृत योजनांत हेच प्रमाण ६०:४० असतं. राज्याच्या अर्थसंकल्पात आपला वाटा ठेवलाय का, हेही बघायला लागतं.

उलटं उदाहरणही बघून ठेवा. रोजगार हमीला २०२०-२१ साठी ६१,५०० कोटी ठेवले होते, प्रत्यक्षात १.११ लाख कोटी खर्च झाले. कोविडमध्ये माणसं गावाकडे परतली, कामाची मागणी वाढली आणि कायद्याने काम मागण्याचा हक्क होता म्हणून सरकारला पैसा द्यावा लागला. हक्काच्या योजनेत आणि तरतुदीवर चालणाऱ्या योजनेत हा फरक आहे. टंचाईच्या दिवसांत तो जीव वाचवतो, आणि म्हणून मी हक्काच्या योजनांच्या बाजूचा आहे. पण मग सुरुवातीलाच नीट तरतूद करायला हवी. मजुरीचं देणं थकवून तुटीचा आकडा देखणा ठेवायचा, याला मी वित्तीय शिस्त म्हणणार नाही.

६. अर्थसंकल्पाबाहेरची उसनवारी तपासा

तूट कमी दाखवायचा एक जुना मार्ग आहे. खर्च सरकारचा, पण कर्ज दुसऱ्याच्या नावावर. २००५ नंतरच्या काही वर्षांत तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी रोखे दिले गेले, त्याची परतफेड पुढच्या सरकारांवर आली. नंतरच्या सरकारच्या काळात भारतीय अन्न महामंडळाला अनुदानाची पूर्ण रक्कम न देता राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावलं. देणं सरकारचंच होतं, पण तुटीत ते दिसत नव्हतं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने यावर बोट ठेवलं. २०२१ च्या अर्थसंकल्पात हे कर्ज ताळेबंदात आणलं, आणि म्हणूनच २०२०-२१ चं अन्न अनुदान एकदम ५.४१ लाख कोटींवर गेलेलं दिसतं. तो आकडा बघून 'त्या वर्षी धान्य किती वाटलं' असा अंदाज बांधू नका, त्यात जुनं देणं आहे.

एक्स्पेंडिचर प्रोफाइलमध्ये अर्थसंकल्पबाह्य साधनांचं स्वतंत्र विवरणपत्र असतं. नजर टाकायला पाच मिनिटं पुरतात. दोन्ही बाजूंच्या सरकारांनी हे केलेलं आहे, त्यामुळे चर्चेला बसताना पक्ष घरी ठेवून या.

७. राज्याच्या वाट्यात काय येतं

केंद्राने गोळा केलेल्या करांतला हिस्सा राज्यांना द्यायचा, तो किती हे वित्त आयोग ठरवतो. घटनेचं कलम २८० त्यासाठी आहे. पंधराव्या आयोगाने ४१ टक्के ठरवला आणि त्यातला महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के. २०२५-२६ मध्ये राज्यांसाठी १४.२२ लाख कोटी धरले होते, त्यावरून महाराष्ट्राला सुमारे ९० हजार कोटी येतात. २०२६-२७ पासूनची पाच वर्षं अरविंद पानगढिया यांच्या सोळाव्या आयोगाची आहेत, तेव्हा त्या वर्षापासूनचे कागद वाचताना नवे आकडे घ्या.

आता १४.२२ ला एकूण करवसुलीने, म्हणजे ४२.७० लाख कोटींनी भागून बघा. ४१ येत नाहीत, ३३ येतात. कारण उपकर आणि अधिभार वाटणीत धरत नाहीत, वसुलीचा खर्चही वजा होतो. केंद्राने कर वाढवायच्या ऐवजी उपकर वाढवला तर त्यातला पैसा राज्याला मिळत नाही. राज्यांची ही तक्रार रास्त आहे.

८. आपल्या जिल्ह्यापर्यंत आकडा कसा आणायचा

इथे नवा वाचक हमखास निराश होतो. केंद्राच्या अर्थसंकल्पात 'मराठवाडा' नावाचं शीर्षक शोधायला जातो आणि ते नसतं. अर्थसंकल्प मंत्रालयवार आणि योजनावार असतो, विभागवार नसतो. 'मराठवाड्याला शून्य' हा संदेश त्यामुळे दरवर्षी तयार होतो आणि दरवर्षी अर्धवट असतो. आपल्या आठ जिल्ह्यांचं चित्र तुकडे जोडून तयार करावं लागतं.

रेल्वे. २०१७ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडत नाहीत, पण कामांची यादी असलेलं 'पिंक बुक' निघतं. त्यात प्रत्येक मार्गाची एकूण किंमत, आजवरचा खर्च आणि यंदाची तरतूद मिळते. लक्षात ठेवा, मराठवाडा रेल्वेच्या दोन झोनमध्ये वाटला गेलाय. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर हा पट्टा दक्षिण मध्य रेल्वेत आहे, लातूर आणि बीडचा नवा मार्ग मध्य रेल्वेत. एकच पुस्तक उघडलं तर निम्मा मराठवाडा गायब दिसतो. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला, खर्च केंद्र आणि राज्यात निम्मा-निम्मा, आणि बीडला रेल्वे पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरी आणि पैसा यांत किती अंतर असू शकतं, हे या मार्गाची वर्षवार तरतूद उतरवून काढली की कळतं. नव्या मंजूर मार्गापुढे नाममात्र रक्कम दिसली तर ढोल वाजवायची घाई करू नका.

ग्रामपंचायत. वित्त आयोगाचा निधी थेट गावापर्यंत येतो. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर किंवा 'मेरी पंचायत' ॲपवर गावाचं नाव टाकलं की जमा आणि खर्च दिसतो. पंधराव्या आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा, असं बंधन होतं. ग्रामसभेला जाताना त्याची छापील प्रत सोबत न्या.

राज्याकडून काय येतं, तो वेगळा अभ्यास आहे. घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ साली स्थापन झालेलं मराठवाडा विकास मंडळ असताना अनुशेषाची मोजदाद कागदावर तरी होत होती. एप्रिल २०२० मध्ये मंडळांची मुदत संपली. २०१६ आणि २०२३ साली संभाजीनगरच्या मंत्रिमंडळ बैठकांत हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. त्यांनाही हेच तीन-चार रकाने लावून बघा. जिल्हा नियोजन समितीची तरतूद आणि वाटप राज्याच्या 'बीम्स' प्रणालीवर सापडतं.

९. फेब्रुवारीनंतरही कागद बंद करू नका

फेब्रुवारी-मार्चमध्ये संसदेला सुट्टी असते तेव्हा विभागांशी संलग्न स्थायी समित्या एकेका मंत्रालयाच्या मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात. त्यांचे अहवाल साध्या भाषेत असतात आणि त्यात सत्ताधारी खासदारही खर्च का झाला नाही म्हणून विचारताना दिसतात. माझ्या मते अर्थसंकल्पावरचं सगळ्यात उपयोगी वाचन हेच. सभागृहात मात्र थोड्याच मंत्रालयांवर चर्चा होते, उरलेल्या मागण्या 'गिलोटिन' लावून एकदम मंजूर होतात. २०१८ साली तर सगळ्याच मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या होत्या.

नंतर महालेखानियंत्रक दर महिन्याचे हिशेब प्रसिद्ध करतात, साधारण पुढच्या महिनाअखेरीस. डिसेंबरपर्यंत एखाद्या मंत्रालयाचा निम्माही खर्च झालेला नसेल तर फेब्रुवारीत त्याचा सुधारित अंदाज कापला जाणार, हे आधीच ओळखता येतं. अधूनमधून पुरवणी मागण्या येतात, त्या बघा. आणि कॅगचे अहवाल. २००८ च्या शेतकरी कर्जमाफीवरचा कॅगचा अहवाल २०१३ साली आला. पात्र शेतकरी वगळले गेले आणि अपात्रांना लाभ मिळाला, असं त्यात नोंदवलं होतं. पैसा दिला म्हणजे पोहोचला असं होत नाही, आणि ते तपासणारी यंत्रणा आपल्याकडे आहे.

लोकसभा निवडणुकीच्या वर्षी फेब्रुवारीत फक्त अंतरिम अर्थसंकल्प येतो. २०२४ मध्ये पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला. अशा वर्षी दोन्ही प्रती डाउनलोड करून ठेवा.

१०. आकडा हातात आला की विचारा कुणाला?

पहिला माणूस तुमचा खासदार. 'मराठवाड्यावर अन्याय का?' असं विचारलं तर भाषण ऐकायला मिळेल. 'जलजीवनच्या २०२४-२५ च्या सत्तर हजार कोटींपैकी महाराष्ट्राला किती आले, राज्याने आपला निम्मा वाटा भरला का, आणि आपल्या जिल्ह्यात किती नळांना प्रत्यक्ष पाणी येतं?' असं विचारा आणि हाच प्रश्न लोकसभेत विचारायची लेखी विनंती करा. उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहतात. केंद्राच्या योजनांचा जिल्ह्यातला आढावा घेणारी 'दिशा' समिती असते, तिचं अध्यक्षपद खासदाराकडे असतं. तिची बैठक कधी झाली आणि इतिवृत्त कुठे आहे, एवढं विचारलं तरी हालचाल होते. खासदाराच्या वर्षाच्या पाच कोटींच्या निधीतून सभामंडप मागण्यात आपण फार वेळ घालवतो. त्याच खासदाराचं मत लाखो कोटींच्या मागण्यांवर पडतं.

दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. केंद्राच्या मंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये. राज्याच्या कार्यालयाकडे करायचा असेल तर राज्याचं वेगळं ऑनलाइन संकेतस्थळ आहे, किंवा कागदावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. चार योजना एका अर्जात कोंबल्या तर अर्ज परत येतो. 'का' असं विचारू नका, नोंद मागा: अमुक वर्षात अमुक योजनेत केंद्राकडून मिळालेल्या हप्त्यांच्या तारखा आणि रकमा, राज्याच्या हिश्शाच्या आदेशांच्या प्रती, पाठवलेल्या खर्च प्रमाणपत्रांच्या प्रती. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा, राज्याच्या कार्यालयासाठी त्याला २० रुपयांचं तिकीट लागतं. तिथेही दाद लागली नाही तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. मराठवाड्यासाठी आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे, मुंबई गाठावी लागत नाही. अर्जाची, पोचपावतीची आणि उत्तराची प्रत त्याच वहीत, त्या योजनेच्या तक्त्यासमोर चिकटवून ठेवा.